कोपऱ्याचा खांब

वरच्या बोल्टाला दोरा बांधला, ओळंबा सोडला आणि तो झुलायचा थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो. मग खाली पट्टी लावली. दोन इंच सहा सूत. सहा फुटांच्या उंचीत खांब एवढा आत कलला होता. खांब माझ्या हातचा होता. त्याच्या डोक्याशी, आतल्या अंगाला, वेल्डिंगच्या रॉडनं काढलेली माझी खूणही होती. प्रत्येक कामाच्या कोपऱ्याच्या खांबावर मी ती काढत आलो आहे. कुणी सांगितलेलं नाही, गिऱ्हाइकाला ती दिसतही नाही. पण आपल्यानंतर या धंद्यातला कुणी खांबाजवळ उभा राहिला, तर काम कुणाचं ते त्याला कळावं, एवढी हौस मला होती. अजूनही आहे.

तो दिवस १० जुलै २०२४. सकाळी सात वाजून चौदा मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली होती. ४.५ तीव्रतेचा धक्का, नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. मार्चमध्येही, २१ तारखेला पहाटे, असेच पाठोपाठ दोन धक्के बसले होते. पांगरा शिंदेकडची माणसं तर कित्येक वर्षं जमिनीखालचे आवाज ऐकत आली आहेत. त्यामुळं दुपारी हळदीच्या गोदामाच्या मालकांचा फोन आला, “मिस्त्री, मागच्या कोपऱ्यात कुंपण कललंय, बघून जा,” तेव्हा कारण आधीच तयार होतं. मी गेलो, ओळंबा सोडला, पट्टी लावली आणि म्हणालो, “शेठ, भूकंपाचा दणका आहे. कोपऱ्यावर बसला.”

ते भले गृहस्थ. म्हणाले, “निसर्गापुढं कुणाचं चालतं? तुमचा त्यात काय दोष. दुरुस्तीचा अर्धा खर्च मी देतो.” आणि खरोखरच त्यांनी तिथल्या तिथं पैसे काढून दिले. मी घेतले. माझा भाचा हातात पट्टी धरून शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही.

कुंपणाच्या कामात मधले खांब कुणीही रोवतो. दोरी लावा, दहा-दहा फुटांवर खड्डे घ्या, अँगल उभे करा, काँक्रीट ओता. मधल्या खांबाला दोन्हीकडून सारखी ओढ, त्यामुळं त्याला नुसतं उभं राहायचं असतं. सगळा भार कोपऱ्यावर येतो. जाळीला ताण नसतो, जाळी तारांवर लटकते. ताण असतो त्या तीन-चार आडव्या तारांना, आणि दोन बाजूंच्या तारा कोपऱ्याच्या खांबाला दिवसरात्र आत ओढत असतात. माझं अर्धं आयुष्य या एका खांबात गेलं आहे. जिनिंगची आवारं, पेट्रोल पंप, सोयाबीनची गोदामं, शोरूम, सौर पंपांचे साठे, कुठंही गेलो तरी माझी नजर आधी कोपऱ्यावर जाते. लग्नाला गेलो तरी मंगल कार्यालयाच्या कुंपणाचा कोपरा बघितल्याशिवाय मी जेवायला बसत नाही.

आमच्याकडं अडचण आहे ती काळ्या मातीची. कयाधूच्या आणि पूर्णेच्या काठानं ही माती इतकी खोल आहे की दोन-दोन पुरुष खणलं तरी मुरूम लागत नाही. औंढ्याच्या माळाकडं हातभरावर मुरूम लागतो. तिथं सब्बल वाजली की मला देव भेटल्यासारखं होतं, कारण मुरमात रोवलेला खांब नातवापर्यंत हलत नाही. गोदामं मात्र माळावर होत नाहीत. ती रस्त्याकडेला, बाजाराच्या जवळ, म्हणजे नेमकी काळ्या रानात उभी राहतात.

ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मी सांगतोय ते खांबाशी ती काय करते त्याबद्दल. फेब्रुवारी सरला की काँक्रीटच्या गोळ्याभोवती पहिली फट दिसते, पोस्टकार्ड जाईल एवढी. एप्रिलमध्ये तीत बोट जातं. मेमध्ये मूठ जाते, आणि सळई खाली सोडली तर ती हातातून सुटेपर्यंत टेकत नाही. म्हणजे वरच्या दोन-अडीच फुटांत खांबाला कुणाचाच आधार उरलेला नसतो. तारा ओढतातच, खांब आतल्या फटीकडं सरकतो. मागं जी जागा मोकळी होते तीत वावटळीची माती पडते, खडे पडतात, हळदीच्या दिवसांत पिवळी धूळ पडते. मग मृग येतो. माती फुगते आणि मागं भरलेल्या त्या गाळामुळं खांबाला मागं यायला जागाच राहत नाही. उलट फुगलेली माती मागून रेटा देते. दरवर्षी दोन-तीन सूत पुढं. मागं एक सूतही नाही.

हे मला आधीपासून ठाऊक होतं का? होतं. पण “ठाऊक असणं” आणि सब्बल हातात घेऊन आणखी तीन फूट खाली जाणं यांत मजुरीचा फरक असतो. काळ्या मातीत खड्डा खणला की तो आपोआप वर रुंद आणि खाली निमुळता होतो, कारण सब्बल तशीच चालते. त्यात काँक्रीट ओतलं की भोवऱ्यासारखा गोळा तयार होतो. फुगणारी माती असला गोळा काखेत हात घालून उचलावा तशी वर उचलते. त्यावर इलाज म्हणून आम्ही सगळे मिस्त्री कोपऱ्याला दोन तिरके सपोर्ट वेल्ड करतो आणि निश्चिंत होतो. पण सपोर्ट जितका उभा, तितका तो खांबाला ढकलण्याऐवजी उचलतो. तारांची ओढ सपोर्टच्या पायाशी जाते, तो पाय टेकू होतो आणि पहारीनं दगड उपटावा तसा खांब वर येतो. मी स्वतः असे कितीतरी उभे सपोर्ट लावले. जागा वाचते, मालकाला ट्रक वळवायला बरं पडतं.

आणि थंडी. माझे वडील बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं. लोखंड आक्रसताना चाकाचे आरे कसे करकरायचे तो आवाज अजून कानात आहे. लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आवळतं, हे मला शिकवायला कुणी नको होतं. तरी मी वर्षानुवर्षं भर उन्हाळ्यात, कामाच्या घाईच्या दिवसांत, दुपारच्या तापलेल्या तारा टर्नबकलनं कडक ताणत आलो, कारण ढिली तार गिऱ्हाइकाला आवडत नाही. आमच्याकडं मे महिन्याची दुपार आणि पौषातली पहाट यांत सहज पस्तीस अंशांचा फरक पडतो. शंभर मीटरच्या तारेत तेवढ्यानं चार सेंटिमीटर जातात. मेमध्ये ताणलेली तार थंडीत ते चार सेंटिमीटर कुठून आणणार? कोपऱ्याच्या खांबाकडूनच ती मागते. वडील असते तर एका शब्दात बोलले असते.

ताण मी कधी मोजला नाही. दोन खांबांच्या मधोमध उभं राहून अंगठा आणि दोन बोटांनी तार छेडायची, ती बोटांत कशी येते ते बघायचं. ढिली तार फडफडते, जास्त ताणलेली बोटाला चावते, नेमकी ताणलेली मनगटापर्यंत गुणगुणत येते. कानापेक्षा बोटाला जास्त कळतं. या बोटांवर मी फार मिरवलो. दुसऱ्याच्या साइटवर जायचं, सहज गेल्यासारखं तार छेडायची आणि काही न बोलता मान हलवायची, असले प्रकार मी भरपूर केले आहेत. समोरचा मिस्त्री अस्वस्थ झाला की मला बरं वाटायचं.

गेली तीन वर्षं उजव्या हाताची तीच बोटं बधिर होत चालली आहेत. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं. ग्राइंडरची थरथर तीस वर्षं हातात घेतल्यावर शिरा दमतात, म्हणाले. जस्ताच्या धुराचा ताप आम्ही धंद्याचाच भाग समजतो. रात्री हुडहुडी भरते, सकाळी उतरते, दूध पितो, कामाला जातो. पण बोटं सकाळी परत येत नाहीत. आता तार छेडली की काहीतरी हललं एवढंच कळतं. हे मी भाच्यापासूनही लपवलं. तार छेडायची, थोडा वेळ थांबायचं आणि “बरी आहे” म्हणायचं. गोदामाच्या कुंपणाच्या तारा पुन्हा आवळल्या त्या याच काळात, मे २०२३ मध्ये. किती आवळतोय ते मला कळत नव्हतं, म्हणून चुकून ढिली राहायला नको असं करत मी टर्नबकलचे आणखी दोन आटे फिरवले.

धंद्यात आलेल्या नव्या मंडळींबद्दल मला बोलायचं आहे. ते चुकतात आणि मी चुकत नाही असं म्हणायला आता तोंड उरलेलं नाही, तरी बोलतो. रनिंग फुटाचा भाव सांगून काम घेणारे पुष्कळ झाले. बारा गेजची जाळी म्हणून तेरा गेजची देतात. बारा म्हणजे २.६४ मिलिमीटर, तेरा म्हणजे २.३४. डोळ्याला काही दिसत नाही, पण वजनात पाचवा हिस्सा लोखंड गेलेलं असतं. साधा व्हर्नियर खिशात ठेवला तर कुणी फसणार नाही. पण मालक कागदावरचा भाव बघतो, तार बघत नाही. तीच गत जस्ताची. साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली तार राखाडी, थोडी खरबरीत दिसते. विजेच्या मुलाम्याची चांदीसारखी लखलखते, आणि लोक लखलखीत तीच घेतात. दोन पावसाळ्यांत तिला तांबेरा चढतो. जाडीसाठी, जस्तासाठी भारतीय मानकं आहेत, जाळीचं २७२१, काटेरी तारेचं २७८. आपल्या भागात किती मालकांनी ती मागितली असतील? मला तर एकानंही कधी विचारलं नाही.

आणि त्या पात्यांच्या तारेची वेटोळी. कन्सर्टिना. आज प्रत्येकाला ती हवी. गोदामावर असो, दवाखान्यावर असो, शाळेच्या भिंतीवरही लावून मागतात. मी शाळेवर लावत नाही, काम गेलं तरी चालेल. चोर त्या वेटोळ्यावर पोतं टाकून येतो, पोरगं मात्र चेंडू काढायला जाऊन हात फाडून घेतं. खरं संरक्षण हवं असेल तर दाट वेल्डची जाळी आहे, तीन इंच बाय अर्धा इंच भोकांची, आठ गेजची. तीत बोटं शिरत नाहीत, पायाचा चवडा टेकत नाही, पक्कडीचं तोंडही बसत नाही. महाग आहे. पण ज्यांच्या गोदामात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या छताला लागतात त्यांना ती महाग पडू नये. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, संत नामदेव हळद मार्केट यार्डात लांबलांबून माल येतो, आणि त्या मालाभोवती तेरा गेजची जाळी, हे मला बघवत नाही. जुन्या मीटरगेजच्या स्टेशनांवर रुळाचे तुकडे पुरून केलेलं कुंपण ज्यांनी बघितलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ते खांब गाडी गेली तरी उभेच होते.

त्या जुलैच्या संध्याकाळी घरी जाताना भाच्यानं गाडी थांबवली. कळमनुरी रस्त्याला, पुलाच्या अलीकडं. “मामा, एक दाखवायचंय,” म्हणाला आणि मोबाईल पुढं केला. आयटीआय करून तो माझ्याकडं आला जुलै २०२३ मध्ये. गोदामाच्या शेजारच्या आवारात आमचं काम सुरू होतं, तेव्हापासून दर महिन्याला तो त्या कोपऱ्याला ओळंबा सोडून, पट्टी लावून फोटो काढत होता. मला न सांगता. तेरा महिन्यांचे तेरा फोटो. पहिल्यात एक इंच. डिसेंबरमध्ये एक इंच तीन सूत. मेअखेर दोन इंच चार सूत. शेवटचा फोटो ८ जुलैचा, भूकंपाच्या दोन दिवस आधीचा. दोन इंच सहा सूत.

“भूकंपानं एक सूतही हलला नाही, मामा.”

“मग आधी कामून बोलला नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाही. आणि मला वाटलं, तुम्हाला बोटानं कळत असंल.”

मी गाडीवर मागं बसून राहिलो. तो टोचून बोलला नव्हता, खरंच त्याला तसं वाटत होतं. त्यानंच मला एकदा औंढ्याजवळच्या लायगो वेधशाळेबद्दल सांगितलं होतं. चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यांच्या टोकांना आरसे, आणि अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक हालचाल मोजायची. २०२३ मध्ये केंद्रानं त्याला २६०० कोटी मंजूर केले. भाच्याला तिथं काम करायचं आहे, निदान कुंपणाचं तरी. तेव्हा मी म्हणालो होतो, एवढं बारीक मोजून काय करायचं असतं? आता माझ्या हातात तेरा फोटो होते.

मालकांचे पैसे मी आठवड्यानं परत केले. “काम माझ्या हमीत बसतं” एवढंच सांगितलं. भूकंपाचं खोटं होतं हे सांगितलं नाही. तोंडात आलं होतं, चहा आला, राहून गेलं. ते वाचनाचे शौकीन आहेत. हे त्यांच्या हाती पडेल, आणि पडावं म्हणूनच लिहितो आहे.

जुना खांब काढला डिसेंबरमध्ये. तेव्हा मातीत ओल असते, पण ती चिकटत नाही, खणायला तोच काळ बरा. गोळा वर आला तो अगदी भोवऱ्यासारखा, वर रुंद, खाली टोकदार. भाचा काही बोलला नाही, त्यानं फोटो काढला.

नवा खड्डा आम्ही उलटा केला. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी पायाची जी पद्धत काढली, खाली पोट आणि वर बारीक मान, ती मोठ्या इमारतींसाठी आहे आणि त्यात तीन-साडेतीन मीटर खाली जातात. कुंपणासाठी एवढं कुणी करत नाही. आम्ही सात फूट गेलो. मान एक फुटाची, खाली पोट अडीच फुटांचं. पोट काढायला यंत्र नव्हतं. सब्बलीचा दांडा कापून आखूड केला, आणि भाचा खड्ड्याच्या तोंडाशी पालथा पडून, कमरेपर्यंत आत, एका हातानं माती कोरत राहिला. मी त्याचे पाय धरून बसलो. दीड दिवस लागला. मान जिथं येणार तिथं मातीला लागून जाड प्लास्टिक गुंडाळलं, म्हणजे फुगणाऱ्या मातीला पकड मिळू नये. भोवती वाळू भरावी असं काही जण सांगतात. मी भरली नाही. काळ्या मातीत वाळूचा खड्डा म्हणजे छोटी विहीरच, पावसाचं पाणी तिथंच साठतं आणि खालची माती आणखी फुगते.

काँक्रीट ओतताना एक गोष्ट झाली. गोदामाच्या आवारात वर्षभर हळदीची धूळ असते, जाळीवर, पत्र्यावर, आमच्या कपड्यांवर. सिमेंटचं पाणी उडालं आणि जिथं जिथं ते धुळीवर पडलं तिथं लाल झालं. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तसं. खड्ड्याच्या काठाला, भाच्याच्या मनगटांना, माझ्या बधिर बोटांना लाल डाग पडले. मजूर बायका हसल्या, एकीनं खांबाला हात जोडले.

सपोर्ट आता पंचेचाळीस अंशांहून आडवे लावले आहेत. मालकांना ट्रक वळवायला दोन फूट जागा कमी पडते, त्यांनी चालवून घेतलं. तारा ताणल्या त्या जानेवारीच्या पहाटे, धुकं असताना, म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त ताण आधीच तारेत आला. छेडली भाच्यानं. मी शेजारी उभा राहून त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं डोळे मिटले होते, ते मी कधी शिकवलं नव्हतं.

“अर्धा आटा सोडू?”

“तुला काय वाटतं?”

“सोडतो.”

त्यानं सोडला. खांब रंगवून झाल्यावर त्यानं वेल्डिंगचा होल्डर माझ्यापुढं केला, खूण काढायला. मी म्हटलं, दोन उन्हाळे जाऊ दे. त्याऐवजी खांबाच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगानं तारीख लिहिली आणि पुढं शून्य. दर महिन्याला त्याखाली एक ओळ वाढते. रखवालदार विचारतो, हे कसलं लिहिता? मी सांगतो, खांब किती कलला ते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात फट पडली होतीच, बोट जाईल एवढी. ओळंबा सोडला, दोघंही उन्हात थांबलो. पट्टी भाच्यानं धरली, आकडा मी वाचला. एक सूत.

“दोरा हलला असंल, मामा. वारं आहे.”

वारं नव्हतं. रंगाचा डबा मी आणलेलाच होता.